राजा नसलेल्या दिवसांतला शिक्का

मित्रांनो, एका आईच्या पत्राला सात महिने उत्तर गेले नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. मी पितळेचा एक जुना राजशिक्का. पत्रे मी लिहीत नव्हतो. पण माझा ठसा नसला, तर त्या कचेरीतून एकही हुकूम बाहेर पडत नसे.

तीस वर्षे मी राजाच्या हुकमांवर उमटलो. लोक तो कागद कपाळाला लावत. मग राजा वारला. नवा राजा गादीवर बसेपर्यंत शिक्का काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचा, अशी तिथली रीत. दोघे राजपुत्र गादीसाठी भांडत बसले आणि मी पेटीत पडलो.

पत्र त्याच दिवसांत आले. ‘माझ्या मुलाची शिक्षा संपून महिना झाला. तो आत खोकून खोकून अर्धा झालाय. त्याला सोडा.’

कारभाऱ्यांनी ते बाजूला सारले. “राजा नाही, तर शिक्का नाही. रीत मोडायची का?”

पण हेच कारभारी दर आठवड्याला दार लावून मला बाहेर काढत. जावयाला बंगला, मेव्हण्याला जंगल! प्रत्येक हुकमावर तारीख मात्र राजा वारला त्याच्या आदल्या दिवसाची.

“महाराज त्या दिवशी भलतेच कामात होते हो!” जावई म्हणाला. सगळे पोट धरून हसले.

मला शाईचीसुद्धा किळस आली. तोंड असते तर थुंकलो असतो. तरी उमटत राहिलो.

ठसे उठवायला म्हातारे लेखनिक बसत. एकदा ते पुटपुटले, “त्या बाईंचाही एक कागद... याच तारखेचा...”

“लेखनिकबुवा, या वयात खोटा हुकूम काढायला सांगता?” कारभारी खेकसले आणि मेव्हण्याचा पुढचा कागद सरकवला.

लेखनिकांनी त्यावरही ठसा उठवला. सातव्या महिन्यात मात्र, गप्पा रंगल्या असताना, त्यांनी गठ्ठ्याखालून सुटकेचा कागद ओढला. मी जीव खाऊन उमटलो.

आज मी काचेच्या कपाटात आहे. लोक माझी नक्षी वाखाणतात. मित्रांनो, नक्षी राहू द्या. शिक्का कुणाच्या हाती आहे, ते आधी बघत जा.

त्या दिवशी लेखनिकांनी सुटकेच्या कागदाबरोबर चार ओळी लिहिल्या. ‘बाई, फार उशीर झाला. माफ करा. हा कागद तुरुंगाच्या दारावर दाखवा आणि मुलाला घरी न्या.’ मग ते चपला घालून रस्त्यापलीकडे गेले. मला खिडकीतून दिसले. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले आणि लिफाफा टपालपेटीत टाकला.