पान एकशे सदतीस

रबरी टोपण अजून बोटावरच होतं. पानं उलटायला पहिल्या बोटात घालायचं ते केशरी, बारीक खवल्यांचं टोपण. दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर त्याला ते दिसलं, आणि डॉक्टर जे काही सांगत होते ते सगळं त्याने त्या टोपणाकडे बघतच ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. त्याला एवढंच वाटत होतं की हे आधी काढलं पाहिजे, असं बोट घेऊन आत कसं जायचं… पण घामाने ते रुतून बसलं होतं. तो ओढत राहिला. लेक म्हणाली, "बाबा, चला ना," आणि तिचा आवाज ऐकून तो उठला, टोपणासकट आत गेला, आणि बायकोच्या कपाळावरचे केस त्याच बोटाने मागे सारले. रबराला काही कळत नाही. ती गार झाली होती की अजून थोडी ऊब होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्याला आता पाच महिने झाले. टोपण तेच आहे. नवं मागितलं तर मिळेल, पण मागायला जायचा कंटाळा येतो. हल्ली सगळ्याचाच येतो. सकाळी उठून एक कप पुरेल एवढंच पाणी तापवायचं म्हटलं तरी हात दोन कपांचं घेतो, मग अर्धं ओतून द्यायचं, आणि मग वाटतं, जाऊ दे, नकोच चहा.

ग्रंथालयाच्या तळघरातली त्याची खोली. दोन दिवे, वर कॅमेरा, खाली पुस्तक उघडं ठेवायची काळी चौकट. ढकलगाडीवरून जुने प्रबंध येतात, तो त्यांची पानं एकेक करून उतरवतो, आणि ते विद्यापीठाच्या खुल्या भांडारात चढतात… मग जगात कुठेही बसलेल्या माणसाला ते फुकट वाचता येतात, ना ओळख लागते ना शिफारस. सगळे त्याला स्कॅनरकाका म्हणतात. दोन हजारांवर प्रबंध उतरवले, पण वाचला एकही नाही. ते या कामात बसतच नाही. वाचायला लागलं की पान सुटतं. नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर ठेवायची, बोट लावायचं, उलटायचं, बस्स.

एका प्रबंधाला मात्र कुलूप होतं. लेखकाने संमती दिली नाही तर भांडारात नुसतं नाव आणि सारांश दिसतो, शेजारी छोटं कुलूप. तो प्रबंध त्याच्या बायकोचा होता. दोनशे बारा डावखुऱ्या मुलांचं लिखाण तिने तीन वर्षं शाळाशाळांत बसून तपासलं होतं. काहींचा हात घरच्यांनी मारूनमुटकून बदलला होता, काहींचा तसाच राहू दिला होता.

"अगं, अख्ख्या विद्यापीठाचे प्रबंध मी चढवतो आणि घरच्याच प्रबंधाला कुलूप. दिव्याखाली अंधार म्हणतात सगळे."

"म्हणू देत. तुमच्या तळघरात तसाही अंधारच आहे."

"कारण तरी सांग."

"त्यात माझी एक चूक राहिलीय हो. ती निस्तरली की चढवा."

"मग निस्तर की."

"निस्तरेन. एवढी काय घाई लागलीय तुम्हाला?"

दर वर्षी एकदा तरी हे बोलणं व्हायचं. एकदा तो चिडून बोलून गेला होता, ठेव कुलपात, वाळवीच वाचेल. ती हसली होती. ती हसली होती असंच मला आठवतं, पण त्या वेळी मी वर्तमानपत्र वाचत होतो, तिच्याकडे बघितलं नव्हतं… मग हसली हे कुठून आलं?

आज सकाळी ग्रंथपाल बाई खाली आल्या. वयाने लेकीएवढ्या, कामाला वाघ, पण त्याच्याशी बोलताना पाच महिने आवाज हळू ठेवतात, त्याचाही त्याला शीण येतो.

"काका, त्या शाळेतल्या बाईंचं तिसरं पत्र आलंय. वाचू?"

"वाचा."

कुठल्याशा लांबच्या गावी पहिलीचा वर्ग शिकवणाऱ्या बाई. वर्गात एक डावखुरी मुलगी. वडील तिचा डावा हात दप्तराच्या पट्ट्याला बांधून शाळेत पाठवतात. कुलपातल्या प्रबंधाच्या सारांशात लिहिलंय की हात बदलू नये, पण वडील म्हणतात, सांगायला काय जातं, आकडे दाखवा. शुक्रवारी पालकांची बैठक आहे. निदान वेगाचा तक्ता तरी मिळेल का?

"वारसाची सही चालते, मी नियम बघितलाय," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "तुमची आणि तुमच्या लेकीची. पण तुमच्या मनात नसेल तर…"

"मनात काय असायचंय," तो म्हणाला. "उतरवतो आजच."

ग्रंथालयाची प्रत उघडेना. त्याने ती बाइंडरकडे नेली. बाइंडरने पाठीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "मोडेल. माझ्या बापाची शिवण आहे ही. त्याचा स्वभावही असाच होता, उघडायला गेलं की मोडायचा. घरची प्रत असेल ना वहिनींची? ती आणा."

घर चालत दहा मिनिटांवर. तिची प्रत कपाटात खालच्या खणात, हस्तलिखिताच्या गठ्ठ्याशेजारी होती. त्याने ती घेतली आणि गठ्ठा तिथेच ठेवला. परत आला, दिवे लावले, टोपण घातलं. पहिलं पान, दुसरं, ऋणनिर्देश. हा सगळा प्रबंध त्यानेच टंकला होता, रोज संध्याकाळी, चार महिने, खाटखाट करत, शेजारच्यांच्या शिव्या खात. त्या वेळी तो टंकलेखक होता आणि हात चांगला होता असं सगळे म्हणत. ऋणनिर्देशाची शेवटची ओळ टंकताना त्याने तिला म्हटलं होतं, हे काढ, बरं दिसत नाही. तिने काढलं नाही… 'यजमानांनी संपूर्ण प्रबंध बिनचूक टंकून दिला.' मग त्याने ते बिनचूक टंकलं, आणि खरं सांगायचं तर खूश झालो होतो मी, दोन दिवस मान वर करून फिरत होतो.

चाळीस. ऐंशी. एकशे वीस. दुपारचं जेवण राहिलं. बोट लावायचं, उलटायचं. एकशे सदतीसवर मात्र बोट थांबलं, कारण पानावर पेन्सिल होती, आणि पेन्सिल दिसली की थांबायचं असतं, नोंद करायची असते. तक्ता चौदा, लेखनाचा वेग. दोन रकाने. डाव्या रकान्यावर 'हात बदललेली मुले', उजव्यावर 'हात न बदललेली मुले'. आणि दोन्ही मथळ्यांच्या डोक्यावरून, अगदी फिकट, दोन्हीकडे टोक असलेला एक बाण.

त्याने आकडे वाचले. दोन हजार प्रबंधांत पहिल्यांदा. हात बदललेली मुलं मिनिटाला चव्वेचाळीस अक्षरं लिहितात, न बदललेली एकतीस. पुन्हा वाचलं. खाली मजकुरात तिने लिहिलेलं होतं की बदललेली मुलं मागे पडतात, दमतात, त्यांचा हात दुखतो. तक्ता उलटं सांगत होता. परीक्षकांनी पाहिलं नव्हतं, तक्ते कोण वाचतं… आणि शुक्रवारी तो बाप हा तक्ता वाचणार होता.

तो वर गेला. ग्रंथपाल बाई फोनवर होत्या, तो उभा राहिला.

"बाई, एखादं पान बदलता येतं का? चूक असेल तर?"

"नाही हो काका, तुम्हीच तर नव्या लोकांना शिकवता. मंजूर झालेली प्रत जशीच्या तशी, शाईचा डागसुद्धा पुसायचा नाही. चूक असेल तर पुढे शुद्धिपत्र जोडायचं. वारसाने लिहिलं तरी चालतं… काय चुकलं, कशामुळे चुकलं, खाली सही." मग त्यांनी विचारलं, "चूक आहे का?"

"बघतो," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. चपला न काढताच खालच्या खणापुढे बसला. गठ्ठ्याची नाडी सुटेना, दातांनी सोडवली. माझी चूक, असं ती म्हणायची. मग तिच्या हातच्या कागदावरही तसंच असेल. असू दे. असायलाच पाहिजे… तक्ता चौदा, तिचं अक्षर, रेघा पट्टीने मारलेल्या. डावीकडे 'हात न बदललेली', चव्वेचाळीस. उजवीकडे 'हात बदललेली', एकतीस.

तिचं बरोबर होतं.

मोठा तक्ता टंकायचा तर आधी आकडे मारायचे, रकाना कुठे पडला ते बघायचं, मग कागद मागे फिरवून वर मधोमध मथळे बसवायचे. म्हणजे मथळे नीट मध्यावर येतात. त्याला त्याचा फार अभिमान होता, बाकीच्यांचे मथळे तिरपे यायचे. मथळे अगदी मध्यावर आले होते, फक्त याचा त्याला आणि त्याचा याला. त्या संध्याकाळी काय झालं असेल? दार वाजलं असेल, लेक रडली असेल, काहीच झालं नसेल. आणि तिला कधी कळलं? बाण कधी काढला? तो शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असताना? वीस वर्षं ती 'माझी' म्हणत राहिली, आणि मी तिला म्हणालो, वाळवीच वाचेल. का सांगितलं नाहीस गं? की सांगण्यासारखं तुला काही वाटलंच नाही, खरंच विसरायचीस, आणि मी हे सगळं आता तुझ्या नावावर जमा करतोय?

टंकयंत्र कपाटावर होतं. त्याने ते खाली काढलं, धूळ पुसली. एकच पान. तोच कागद नाही, पण स्कॅनमध्ये कागद कळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? चव्वेचाळीस, एकतीस, मथळे मध्यावर. बिनचूक ते बिनचूक राहील. त्याने कागद घातला, एक कळ दाबली. फीत वाळून खडखडीत झाली होती. कागदावर नुसता खळगा उमटला.

फोन वाजला. लेक.

"बाबा, जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

त्याने कागदावरच्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"बरं. ग्रंथालयातून कागद आलाय सहीचा. मी करून पाठवते. आईचं काम एकदाचं सगळ्यांना वाचता येईल."

"त्यात एक चूक आहे."

"माहितीये, आई म्हणायची. तिला दुरुस्त करायची होती ना?"

"तिची नाही," तो म्हणाला, आणि हे मोठ्याने बोलल्यावर त्याला वाटलं की आता रडू येईल. पण आलं नाही, उलट भूक लागली, सकाळपासूनची.

"म्हणजे?"

"उद्या सांगतो. आधी काहीतरी खातो."

त्याने यंत्रातला कोरा कागद काढला. पेन घेतलं. 'शुद्धिपत्र. पान एकशे सदतीस, तक्ता चौदा. दोन्ही रकान्यांचे मथळे परस्परांच्या जागी पडले आहेत.' इथवर हात न थांबता गेला. खाली लिहिलं, 'कशामुळे', आणि त्यापुढे जागा सोडली. टंकलेखकाच्या चुकीमुळे, असं लिहायचं की माझ्या? पहिल्यात मी कुठेच नाही, आणि दुसऱ्यात 'माझी चूक' म्हणणारी ती कुठे आहे, ते त्याला ठरवता येईना. खिशात हात घातला तर टोपण लागलं. ते त्याने टेबलावर, कागदाच्या कडेला ठेवलं.

आज मंगळवार. कारण लिहायचं राहिलं आहे, सही राहिली आहे, आणि शाळेतल्या बाईंना अजून उत्तर गेलेलं नाही.