रेडिओ बिघडलेला नाही

गल्लीत सलूनवाल्या काकांना सगळे 'रेडिओ' म्हणायचे. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण सापडायचं नाही. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती पांढरं कापड गुंडाळता गुंडाळता पहिलं वाक्य सुटायचं, आणि मागे आरसा धरून "बघा, ठीक आहे ना?" म्हणेपर्यंत हवापाणी, निवडणूक, कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, कुणाच्या गुडघ्याला कोणतं तेल लागू पडलं, सगळं होऊन जायचं. ज्यांना केस कापायचे नसत तेही बाकावर येऊन बसत.

अशा माणसाची वाचा गेली. एका सकाळी कामात असतानाच मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय चालत होते, उजवा हातही हळूहळू ताळ्यावर येत होता. समोरच्याचं बोलणं सगळं समजत होतं. पण स्वतःचा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच अडून बसायचा. लिहायला कागद दिला तर पेन हातात धरून तसेच बघत राहायचे.

मग काकू शब्द पुढं ओढायच्या. "पा..." म्हटलं की पाणी. "चा..." म्हटलं की चहा. "डो..." म्हटलं की डोकं दुखतंय. काका मान हलवायचे, हात उडवायचे, आणि शेवटी समोर आलेलं मुकाट्यानं पिऊन टाकायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, "काकू, तुम्ही आहात म्हणून. त्यांच्या मनातलं तुम्हाला बरोब्बर कळतं." काकूंनाही तसंच वाटायचं. दुकानाला त्यांनी कुलूप लावलं होतं.

काकूंच्या ओट्यावर एक रेडिओ होता, हा खराखुरा. त्यावर दुपारी गावातल्याच केंद्राचा कार्यक्रम लागायचा. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत हे केंद्र चालायचं. भिंतींना फोम चिकटवलेला, मध्ये एक काच, आणि खाली कुणी खुर्ची ओढली की वर ऐकू यायची. 'समोरासमोर' असं कार्यक्रमाचं नाव. दर आठवड्याला एक विषय. त्यावर एक माणूस विद्यापीठातला, एक माणूस वस्तीतला. बंद होत चाललेल्या शाळा, एकटी म्हातारी माणसं, घरकाम करणाऱ्या बायकांची सुट्टी, काहीही. दोघं एकाच टेबलाशी बसून बोलायचे आणि निवेदिका मध्ये.

त्या दिवशी भाषाशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई बोलत होत्या. बोलण्याचा वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. पण पुढचं काकूंनी नळ बंद करून ऐकलं. "शब्द हरवत नाहीत," बाई म्हणत होत्या. "ते आत असतात. त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता खचलेला असतो. मग लांबून वळसा घालून यावं लागतं, म्हणून उशीर होतो. लिहिण्याचा रस्ताही तिथूनच जातो. आणि आपण काय करतो? माणूस अर्ध्या वाटेत असतानाच आपलाच शब्द त्याच्या हातात कोंबतो."

काकूंनी फोन लावला. निवेदिकेनं उचलला.

"त्या बाईंना विचारायचंय. म्हणजे माझे मिस्टर आतून सगळं बोलत असतात?"

"हो, काकू. त्या तसंच म्हणतायत."

पलीकडे थोडा वेळ भांड्यावर पाणी ठिबकल्याचा आवाज आला. "बापरे," काकू म्हणाल्या. "मग ते माझ्याबद्दल काय काय म्हणत असतील!"

निवेदिका हसली आणि तिनं दोघांना पुढच्या भागासाठी बोलावलं. काकूंनी आधीच सांगून टाकलं, "बोलेन मीच. ते नुसते बसतील."

ते आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी स्वतःच्या हातानं केलेली, हनुवटीवर छोटीशी कापल्याची खूण. काकूंच्या खांद्याला पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास. टेबलाशी पाहुण्यांच्या दोनच खुर्च्या आणि दोनच माइक होते. एका खुर्चीत प्राध्यापक बाई बसल्या होत्या. दुसरीपाशी निवेदिकेनं काकूंना नेलं, तेवढ्यात काका पुढं झाले, खुर्ची ओढून त्यात बसले आणि माइक स्वतःकडे वळवला.

"अहो!" काकू म्हणाल्या.

"मी," काका म्हणाले. हा शब्द न अडखळता आला.

काकूंना काचेपलीकडच्या खोलीत बसावं लागलं, ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाच्या शेजारी. केंद्रात त्याला सगळे 'कात्री' म्हणत. बोलणाऱ्याचा खोकला, श्वास, 'म्हणजे' आणि 'अं' तो इतक्या सफाईनं काढून टाकायचा की मंत्रीसुद्धा विचारवंत वाटायचे.

निवेदिका मात्र घाबरली होती. रेडिओवर शांतता म्हणजे तार तुटली, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. प्राध्यापक बाई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "एकच करायचं. विचारायचं आणि थांबायचं. ओठांवर आलेला शब्द गिळायचा. मलाही जमत नाही, मी टेबल धरून बसते." आणि त्यांनी खरंच टेबलाची कड धरली.

"काका, त्या सकाळी काय झालं?"

काकांनी डोळे मिटले. खालच्या मजल्यावर कुणीतरी पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. निवेदिकेच्या जिभेवर 'चक्कर आली का?' हे तयार होतं. तिनं ते गिळलं.

"गिऱ्हाईक," काका म्हणाले. "खुर्चीत." मग पुन्हा शांतता. कपाळावर घाम आला. "अर्धी... दाढी. झालेली. मी... धाडकन." त्यांनी हात आडवा केला. "तो... तसाच पळाला. अर्धी दाढी... अर्धा फेस. डॉक्टर... आणायला."

प्राध्यापक बाई फिस्सकन हसल्या आणि तोंडावर हात घेतला. काकाही हसू लागले, खांदे हलवत, जुन्यासारखे. काचेपलीकडे काकू थक्क होऊन बघत होत्या. हे त्यांनी इतरांकडून ऐकलं होतं, नवऱ्याकडून कधीच नाही.

"आणि आता घरी? सगळ्यात अवघड काय वाटतं?"

काकांनी काचेकडे पाहिलं. "चा..."

काचेपलीकडे काकूंचा हात आपोआप पिशवीत गेला. थर्मासचं झाकण निघालं.

काकांनी पंजा वर करून थांबवलं. "चहा... नाही." त्यांनी मान जोरजोरात हलवली. "चा..." ओठ पुढं आले, मागे गेले. निवेदिकेला वाटलं, आता विषय बदलावा, या माणसाला सोडवावं. बाईंची बोटं टेबलाच्या कडेला पांढरी पडली होती. निवेदिकेनं तेही गिळलं.

"चा... वी," काका म्हणाले. आणि मग, दार उघडल्यासारखं, "चावी. दुकानाची. माझी."

काकू झाकण हातात धरून उभ्या राहिल्या.

"चहा..." काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "फार... झाला."

ध्वनिमुद्रण संपल्यावर काकू दार ढकलून आत आल्या. रडू आणि राग एकदमच आला होता. "अहो, मग बोट करून दाखवायचं तरी!"

"दा... खवलं."

काकूंनी कपाळाला हात लावला. चावी स्वयंपाकघरात, स्टुलाशिवाय हात न पोहोचणाऱ्या खिळ्याला टांगलेली होती, बरोब्बर चहाच्या डब्याच्या वर. काका रोज तिकडे बोट करायचे आणि काकू रोज आधण ठेवायच्या. त्या खुर्चीत मटकन बसल्या. "मी मुद्दामच बंद ठेवलं होतं हो दुकान," त्या म्हणाल्या. "लोक हसतील म्हणून नाही. लोक तुमच्यापुढं गप्प बसतील म्हणून. ते तुम्हाला सोसलं नसतं."

काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्राध्यापक बाई, ज्यांना एरवी दर मिनिटाला काहीतरी सुचायचं, खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दोन दिवसांनी निवेदिकेनं सगळ्यांना परत बोलावलं, कार्यक्रम लागण्याआधी एकदा ऐकून घ्या म्हणून. कात्रीनं सवयीप्रमाणे आपलं काम चोख केलं होतं. शांतता निघाली होती, अडखळणं निघालं होतं, शब्द शब्दाला जोडला होता. "गिऱ्हाईक खुर्चीत, अर्धी दाढी झालेली, मी धाडकन," असं काका सरळ बोलत होते.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. "अगदी पहिल्यासारखं," त्या पुटपुटल्या. "ऐकलंत? तुमचाच आवाज. अगदी तसाच."

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कात्रीकडे वळून, आरसा मागे धरून बघावं तसं डोकं तिरकं करून ते म्हणाले, "जास्त... कापलंस."

क्षणभर कुणाला कळेना, मग सगळेच हसले. कात्री सर्वांत जास्त. "केस परत वाढतात काका, आणि हेही वाढेल. मूळचं ठेवलंय मी."

"हे... मी नाही," काका म्हणाले. बराच वेळ गेला. "मी... दमलो होतो. तिथं. ते... कुठंय?"

बाई हळूच म्हणाल्या, "मूळचं आहे तसंच जाऊ दे. मी वर्गात आयुष्यभर सांगत आलेय, पण लोकांनी ते ऐकलं कुठं?" निवेदिकेनं मान हलवली. आता प्रश्न काकूंचा होता. त्या पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत बसल्या होत्या.

"रेडिओवर ह्यांचंच लागू दे," त्या म्हणाल्या. "पण ते दुसरं, कापलेलं, मला एकदा परत ऐकवाल? एकदाच."

कात्रीनं त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. बाकीच्यांना काही ऐकू येत नव्हतं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या आणि काका शेजारी बसून त्यांचं ऐकून होण्याची वाट बघत होते. घाई नव्हती. शेवटी काकूंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, गाल पुसले आणि म्हणाल्या, "चला. झालं."

कार्यक्रम लागला तेव्हा निवेदिका सुरुवातीलाच म्हणाली, "आज मध्ये मध्ये शांतता येईल. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. एक माणूस शब्द घेऊन येतोय. थोडं थांबा."

तरी पहिला फोन रेडिओ बिघडल्याचाच आला. दुसऱ्या माणसानं असलं काही ऐकवू नका, जीव घाबरतो, म्हणून सुनावलं. एका सुनेनं वाचा गेलेल्या सासऱ्यांशी पुन्हा कसं बोलायला लागावं ते विचारलं आणि प्राध्यापक बाईंनी तिला इतकं सांगितलं की मागे तीन फोन ताटकळले. मग एक फोन आला. निवेदिकेनं "नमस्कार" म्हटलं, पलीकडून काहीच नाही. फक्त श्वास. एरवी तिनं केव्हाच ठेवून दिला असता. आज तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि बसून राहिली.

"मी..." एक पुरुषी आवाज आला, खूप लांबून आल्यासारखा. "मी... पण."

"हो," निवेदिका म्हणाली. "मी आहे इथं. सावकाश."

त्या आठवड्यात काकांनी दुकान उघडलं. केस कापायला एक तरुण कारागीर ठेवला. स्वतः काका दाढी तेवढी करत, तीही ओळखीच्यांची. पहिले काही दिवस काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. गिऱ्हाइकं येऊन बसायची आणि काय बोलावं ते न कळून आरशात स्वतःकडेच बघत राहायची. काकांनी एकेकाच्या खांद्यावर थोपटून सांगितलं, "बोला. मी... ऐकतो." हळूहळू लोक सैल झाले. इतकी वर्षं ज्यांना त्या खुर्चीत एक वाक्य पुरं करता आलं नव्हतं, ते आता पोटभर बोलायला लागले. दुकान बंद असायचं त्या वारी दुपारी शटर अर्धं वर करून काही माणसं जमू लागली: तो फोनवरचा माणूस, प्राध्यापक बाईंच्या ओळखीची दोघं-तिघं, सगळी शब्दांसाठी वळसा घालून येणारी. बाई आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन यायच्या आणि दारातच दटावायच्या, "आधी गप्प बसायला शिका." मग स्वतःच बोलत सुटायच्या. त्यावर सगळे हसायचे.

काकूंनाही शिकावं लागलं. कधी जमायचं, कधी तोंडातून शब्द निसटायचाच आणि मग त्या जीभ चावायच्या. पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली. लग्न झाल्यापासून या घरात त्यांना बोलायला वाव म्हणून मिळाला नव्हता. रेडिओ सुरू असला की दुसऱ्याचं कोण ऐकणार?

एका संध्याकाळी दुकान बंद करून दोघं घरी निघाली होती. काका हळू चालतात म्हणून काकूही हळू. चालता चालता त्या आपल्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला लागल्या. लहानपणी दोघींनी शेजारच्यांची होडी गुपचूप सोडली आणि वल्हीच घेतली नाहीत. होडी तळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. बहीण रडायला लागली आणि काकूंना मात्र इतका आनंद झाला होता की घरी मार खातानासुद्धा त्या हसत होत्या.

"तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं ना मी?"

काकांनी मान हलवली. ते थांबले. काकूही थांबल्या, आणि या वेळी मध्ये बोलल्या नाहीत. एक सायकलवाला घंटी वाजवत शेजारून गेला.

"होडी..." काका म्हणाले, "परत... कशी आणली?"

"तीच तर गंमत आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून सांगू लागल्या.