दोन्ही दारं आतून बंद

हबीब मिस्त्रीचं एक ठाम मत होतं. दाराला बाहेरून कुलूप लावणं म्हणजे चोराला घरचं आवतण धाडणं. घाटंजीत फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत घर एक रात्रही रिकामं राहिलं नव्हतं, त्यामुळे हे मत खरं की खोटं ते तपासायची पाळी आली नव्हती. ती आली २००६ च्या मे महिन्यात. लेक आरिफा परतवाड्याला दिली होती. तिथून चिखलदरा दीड तासावर, आणि चिखलदऱ्याची थंड हवा एकदा तरी खायची, हे त्याच्या बायकोने, जैबुनबीने, लग्न झाल्यापासून लावून धरलं होतं.

"पाच दिवस जाऊ," हबीब म्हणाला. "पन कोनाले सांगायचं नाही."

"सत्यशीलाले तरी सांगतो," जैबुनबी म्हणाली. सत्यशीला आणि तिचा नवरा भीमराज शेजारीच, भिंतीला भिंत लागून राहत. दोन्ही घरांत मीठमिरची कोणाची संपली हे कधी नीट ठरायचं नाही.

"सत्यशीलाले सांगतलं का साऱ्या गल्लीले समजलं. चोर काय दिल्लीहून येते?"

त्याची काळजी अगदीच फुकाची नव्हती. मृगाआधी दुरुस्तीला आलेले सत्तावीस पंप त्याच्याकडे होते. त्यांचे मालक म्हणजे कापसाने वर्षामागून वर्ष मार दिलेली माणसं. नवा पंप घेण्याची कोणाची ऐपत नव्हती. एक जरी गेला असता तरी हबीबला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून त्याने दुकानातले सगळे पंप घरात आणून रचले. जुन्या पंपाला फवारणीच्या विषाचा वास असतो आणि पंप कितीही धुतला तरी तो जात नाही. तो घरभर भरून राहिला. हबीबच्या नाकाला मात्र तो केव्हाचाच येईनासा झाला होता.

मग त्याने आपलं डोकं चालवलं. पुढचं दार आतून कडी घालून बंद केलं. मागच्या दाराला असा खटका बसवला की बाहेर निघून दार ओढलं की तो आतून आपोआप पडे, आणि वाकवलेली पंपाची नळी बारीक भोकातून घातल्याशिवाय उघडत नसे. उंबऱ्याबाहेर दोघांच्या जुन्या चपला ठेवल्या. खिडकी बोटभर उघडी ठेवली. रेडिओचं बटण चालू ठेवलं. भारनियमन असल्याने तो दिवसातून दोनतीनदा आपोआप बोले आणि आपोआप गप्प होई. आतून कडीबंद आणि बाहेरून भरलेलं घर. आपल्या हुशारीवर हबीब इतका खूश झाला की पहाटे मागच्या बोळातून पहिल्या एसटीला जाताना त्याने जैबुनबीची पिशवीही स्वतः उचलली.

चिखलदरा छान होतं. जैबुनबीने शाल पांघरून मक्याचं कणीस खाल्लं आणि आता मेलं तरी चालेल म्हणाली. हबीब म्हणाला, हवा चांगली आहे, पण खटका थोडा सैल राहिला की काय.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते गल्लीत शिरले. पुढचं दार जागेवर नव्हतं. त्याचे दोन तुकडे भिंतीला टेकवून ठेवले होते. दाराच्या जागी खाट आडवी टाकलेली, खाटेवर काठी घेऊन भीमराज. आत पंपांच्या ढिगाजवळ सतरंजीवर बाजूच्या तांड्यावरचा धावजी बसलेला. हबीब खाटेपाशी धावला.

"पंप?" त्याने विचारलं.

"सत्तावीस," भीमराज म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ मोजतो."

"मंग दार कोनं तोडलं?"

"मी," धावजी आतूनच म्हणाला.

हबीबचा पारा चढला. सागवानी दार होतं, त्याच्या बापाने करवून घेतलेलं. "कायले? दार तोडाचं काय काम होतं?"

तेवढ्यात सत्यशीला बाहेर आली. जैबुनबीला पाहताच ती तिथेच ओट्यावर बसून रडायला लागली. जैबुनबीला काही कळेना. तीही तिच्याजवळ बसली.

भीमराजने सावकाश सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धावजी पंप न्यायला आला. दार वाजवलं, आवाज दिला. चपला बाहेर. रेडिओ सुरू. मागचं दारही आतून बंद. आणि खिडकीतून विषाचा वास. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात अशा दाराचा अर्थ एकच लागायचा, आणि तो हबीबलाही ठाऊक होता.

"मी म्हनलं, मिस्त्री झोपला असंन, घडीभर थांबू," भीमराज म्हणाला. "ह्यानं ऐकलंच नाही. सरळ कुऱ्हाड आनली."

"माह्या भावाच्या दारापुढं आमी घडीभर थांबलो होतो," धावजी म्हणाला. "झोपला असंन म्हनून."

हबीब उंबऱ्यावर बसला. त्याला फार शरम वाटली, आणि दाराबद्दल आपण काय बोललो ते परत गिळता आलं असतं तर बरं, असंही वाटलं.

"अन् तीन रात्री तू इथंच?" त्याने धावजीला विचारलं.

"माहा पंप देईनाच हा मानूस. म्हने, मालक आल्याबिगर एकही हालनार नाही. मंग मीही राह्यलो."

"कायदा म्हंजे कायदा," भीमराज म्हणाला.

सत्यशीलाने डोळे पुसले. "आता भाबीनं काई रांधायचं नाही," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आपल्या घरात गेली.

पुढच्या मे महिन्यात दोघं पुन्हा परतवाड्याला निघाले. नव्या दाराला हबीबने बाहेरून कुलूप लावलं, रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं. किल्ली भीमराजकडे दिली. मग गल्लीतल्या अकराही घरी जाऊन, आम्ही जातो, बुधवारी येतो, तब्येत चांगली आहे, असं सांगितलं. शेवटी तांड्यावर धावजीकडेही जाऊन आला. तोवर पहिली एसटी निघून गेली होती. दुसरीने गेले.