ओलं खळं

आमचं बेटेगावचं खळं एवढं मोठं की सकाळी या टोकाहून निघालेली कोंबडी त्या टोकाला पोचेपर्यंत तिच्यामागे पिल्लं चालायला लागलेली असत. पटत नसेल तर सोडून द्या. पण चार घरांची दारं त्या एकाच खळ्यावर उघडायची, यात तसूभर खोटं नाही.

भात झोडायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, ते शेणाने सारवायचं. चार घरच्या बाया मधोमध डोक्याला डोकं लावून सुरुवात करायच्या आणि मागे सरकत आपापल्या उंबऱ्याशी पोचायच्या. मग वाळेपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. अख्खी दुपार चारी घरं उंबऱ्यावर अडकलेली. करणार काय? बोलायची. वर्षाची भांडणं त्या दुपारी मिटायची, कारण उठून जायला वाटच नसे.

पासष्ट साली तारापूरला मोठं बांधकाम निघालं आणि बाकीची तिन्ही घरं कामाला तिकडे गेली. माझी बायको ठमी त्याआधीच देवाघरी गेलेली. राहिलो मी आणि खळं.

दिवाळीला शेजारच्या पुंडलिकाला निरोप धाडला, बायकोला, साखरबाईला, घेऊन ये. घरात दोन घटका बसले तर झोडणीला परत या म्हणून गळ घालणार होतो. पहाटेपासून एकट्याने सारवायला घेतलं. फाटकाकडून मागे सरकत माझ्या उंबऱ्यावर पोचलो, तोच बाहेर ट्रक थांबला.

साखरबाई फाटकातच थबकली. "देवूकाका, एकट्यानं केलंत?"

"नाय गं, शिरगावच्या किल्ल्यातली सात भुतं आणली होती. ये, आत ये."

"ओल्यावर?"

"टाक पाय! मी सांगतो ना."

"ठमीकाकीनं माझ्या सासूला पण टाकू दिला नसता."

मागून वाट नव्हती, शेतात भात उभा. ते फाटकात, मी दारात.

"तिकडं कसं हाय रे?" मी ओरडलो.

"पत्र्याच्या खोल्या," पुंडलिक म्हणाला. "दारासमोर दार, मधी हातभर गटार. शेजारी कोण, अजून म्हायती नाय."

"तुझ्या घरात वाघीण व्यालीय. बघून तरी जा!"

तो हसला. "ऱ्हाऊ दे तिला. घर नांदतं तरी ऱ्हाईल."

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मी गुळाच्या पोह्यांचं ताट उचललं आणि ओल्या खळ्यातून धावलो.

"अरे देवा, तुडवलंत की सगळं!" साखरबाई रागावली. पोहे तिने पदरात बांधून घेतले. झोडणीचं मी विचारलं, तेव्हा पुंडलिक ट्रकवर चढत होता. "बघू, काका," म्हणाला.

ट्रक गेला. परत आत जायचं तर आणखी तुडवावं लागणार. म्हणून रस्त्याकडेलाच बसलो.

बोईसरच्या बाजाराला निघालेली एक म्हातारी थांबली. "घर तुमचंच ना? सणाचे बाहेर का बसलेत?"

"काय सांगू बाय," म्हटलं, "आत पाव्हणेच मावत नायत."