निवांतचं घर

दोन खेळांतला चांगला कोणता, असं आज मला कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. महिनाभर मात्र मी अगदी इमानदारीत तुलना करत होते. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं माझं काम. जेवणाच्या सुट्टीत वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडायचे, जुना खेळ आणि नवा खेळ, आणि लिहीत बसायचे. एवढा शहाणपणा करायला मला सांगितलं होतं कुणी?

जुना खेळ आम्ही तिघं ऑनलाइन खेळायचो. बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ, तिघं आपापल्या घरून, पण खेळात एकाच नदीकाठी. मी वैद्यीण, धाकटा तलवारवाला. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता वरखाली करणं बास म्हणाले आणि कोळी झाले. नाव घेतलं 'निवांत'. बाकीचं जग राक्षसांशी लढायचं आणि आमचे बाबा गळ टाकून बसायचे. पकडलेला मासा खेळातल्या आमच्या घरातल्या पेटीत ठेवायचे आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी. 'आज मोठा गावला. तू जेवलीस का?' 'जिन्यात घसरलो. लागलं नाही. धाकट्याला बोलू नकोस.'

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी दर रविवारी एकच चिठ्ठी उघडायचे, पुरवून पुरवून. अजून साठेक वाचायच्या राहिल्या होत्या.

त्या खेळात घर एकाच्याच नावावर करता यायचं. बाबांनी ते धाकट्याच्या नावावर केलं आणि मला किल्ली दिली. मी तेव्हाच म्हटलं होतं, "बाबा, तो महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. घर मी उभं केलंय."

"अगं, खेळच तर आहे," बाबा म्हणाले. खेळातलं का होईना, घर मुलाच्याच नावावर. राग आला होता, पण गिळला.

मग धाकट्याला नवा खेळ सापडला. "ताई, एकदा येऊन तर बघ. महिनाभर जुन्यात पाऊल टाकू नकोस, नाहीतर तुझी तुलना खरी व्हायची नाही."

"आणि घराकडे कोण बघणार?"

"मी आहे ना. रोज जाऊन दिवा लावतो."

रोज दुपारी त्याचा निरोप यायचा, दिवा लावला म्हणून. मी निर्धास्त.

नव्यात झाडांची पानं हलायची, जुन्यातली झाडं पुठ्ठ्याची. नव्यात जखम आपोआप भरते, त्यामुळे वैद्यिणीला कुत्रं विचारत नाही. जुन्यात वेशीचं फाटक उघडायला दोघं लागतात, नव्यात एकट्याचंच सगळं भागतं. मी हा दोष म्हणून लिहिला, धाकट्याला तोच गुण वाटायचा. घोडे मात्र नव्यातलेच भारी. सगळ्यांचे तपकिरी आणि धाकट्याचा पांढराशुभ्र, नदी एका उडीत ओलांडणारा. मला मागे बसवून हिंडवायचा.

"कुठून आणलास रे?"

"मिळाला."

मी वहीत घोड्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

महिना संपला त्या रविवारी सकाळी मी जुना खेळ उघडला. नदी होती. बाबा बसायचे तो दगड होता. मागे नुसतं गवत आणि एक पाटी. 'या जागेच्या मालकाने आपले खाते कायमचे बंद केले आहे. घर व त्यातील सामान आता मिळू शकणार नाही.' खाली तारीख होती, अठ्ठावीस दिवसांपूर्वीची. तरी मी कितीतरी वेळ गवतावर किल्ली लावून बघत होते.

तशीच उठून त्याच्याकडे गेले. तो शर्टांना इस्त्री करत होता.

"दिवा कुठे लावत होतास?"

त्यानं वर बघितलं नाही. "ताई, जुनं खातं बंद केलं की नव्यात तो घोडा देतात. मुदत संपत आली होती. मला वाटलं, तू इकडे रमशील, मग तुला त्याचं काही वाटणार नाही."

अठ्ठावीस दिवस हा माझ्याशी रोज खोटं बोलला. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पाठच्या भावानं केसानं गळा कापला, त्याला काय म्हणायचं?

"पेटीत बाबांच्या चिठ्ठ्या होत्या," मी म्हटलं.

"कसल्या चिठ्ठ्या? मासे होते ना नुसते?"

घर याच्या नावावर, आणि यानं एकदाही पेटी उघडली नव्हती. "काहींवर तुझं नाव होतं. त्या मी तुझ्यासाठी तशाच ठेवल्या होत्या."

त्याचा चेहरा उतरला. इस्त्री बाजूला ठेवून त्यानं घाईघाईनं खेळ उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "असं समजू नकोस की मी बाबांना विसरलो. हे बघ. हे नाव फक्त मालकालाच दिसतं, म्हणून तुला कळलं नाही."

पांढऱ्या घोड्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, निवांत.

"बस ना मागे," तो म्हणाला, "एक चक्कर मारू."

महिनाभर मी त्याच्याच पाठीवर बसून हिंडत होते.