दुखलं नाही म्हणून

चामोर्शीच्या बाजारात खैरुन बांगड्या भरायची. समोरचा हात कितीही आखडलेला असो, बांगडी न फुटता चढायची, आणि ती चढेस्तोवर त्या बाईच्या घरातलं सगळं खैरुनला कळलेलं असायचं. स्वतःचं मात्र ती कुणाला सांगत नसे.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी तिची लघवी मटण धुतलेल्या पाण्यासारखी लाल झाली. दुखत काहीच नव्हतं. तिने नवऱ्याला सांगितलं.

गुलाम रसूल शिंपी होता. नजरेनंच माप घेतो अशी त्याची ख्याती होती, आणि माणसांचे आजारही आपल्याला नजरेनंच कळतात असं त्याचं स्वतःचं मत होतं. आधी तो म्हणाला, वयाचं आहे, पाळी कधीकधी परतून येते. मग म्हणाला, उष्णता आहे. शेवटी त्याने गोखरूचा काढा उकळला आणि रोज तिच्यासमोर उभं राहून पाजला. बायकोच्या अंगात काय चाललंय ते आपल्यालाच जास्त समजतं, हा समज त्याने निकाहापासून जपला होता.

गावातला डॉक्टरही त्याच्याच जातकुळीतला. त्याने मान वर न करता गोळ्या लिहिल्या. लघवी तपासायला घेतली नाही, की रक्तदाब पाहिला नाही. रक्त आपसूकच थांबलं, तसं श्रेय गोळ्यांना मिळालं आणि थोडं काढ्याला. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा काढा. मग एकदा रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तेव्हा खैरुन एकटीच दवाखान्यात गेली.

"दुखतं का?" डॉक्टरने विचारलं.

"नाई."

"मग घाबरता कशाला?"

ईदला लेक कहकशाँ चंद्रपूरहून माहेरी आली. न्हाणीतलं लाल पाणी तिने पाहिलं आणि बापाशी भांडली. एवढ्याशा गोष्टीसाठी बाईमाणसाला मोठ्या दवाखान्यात नेलं तर लोक काय म्हणतील, अशी बापाला चिंता. दुसऱ्या दिवशी तिने आईला बसमध्ये बसवलं. चंद्रपूरला लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीत गाठ होती. कॅन्सर, पण अजून किडनीच्या बाहेर गेलेला नव्हता.

नागपूरला ती किडनी काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हे रक्त पुष्कळदा न दुखता येतं, मधेच थांबतं, आणि लोक घरी बसून राहतात. एका चांगल्या किडनीवर माणूस नीट जगतो. ऑपरेशन चालू असताना गुलाम रसूल बाहेर बाकावर बसला होता. शेजारच्या माणसाला तो गोखरूचा काढा कसा करायचा ते सांगत होता.

गावात परतल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की मूतखडा काढला. कॅन्सर म्हटलं की त्याची जीभ अडखळायची.

पुढच्या वर्षी पुढारी रामाजीने शाळेच्या मैदानावर किडनी जागृती शिबिर घेतलं. बॅनरवर किडनीचं चित्र पेरूएवढं आणि रामाजीचा चेहरा भोपळ्याएवढा. त्याने आपल्या समाजसेवेवर भाषण केलं. पाहुण्यांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं. लघवी हा शब्द मंचावरच्या एकाही तोंडातून निघाला नाही. मग मूतखड्यातून बऱ्या झालेल्या भगिनी म्हणून खैरुनला शाल-श्रीफळासाठी बोलावलं. तिने नारळ टेबलावर ठेवला आणि माइक धरला.

"मले मूतखडा नोता," ती म्हणाली. "किडनीत कॅन्सर होता. लघवीतून रगत जाये, पन दुखत नोतं. दुखत नाई म्हून डाक्टरनं तपासलं नाई, अन् नवऱ्यानं काढा पाजला. तुमाले एकदा बी लघवीत रगत दिसलं, तं घरात विचारत बसू नोका. लघवी तपासा, सोनोग्राफी करा. रगत थांबलं तरी करा."

रामाजीने माइककडे हात नेला. "बाई, इथी लहान लेकरं हायेत."

"लेकरं बी मुततेत, भाऊ."

बायकांच्या बाजूने हसू फुटलं. पुढच्या रांगेत गुलाम रसूल आपल्या चपला पाहत बसला होता.

त्याच आठवड्यात जंगलातल्या गावाहून बुधरी नावाची बाई बांगड्यांच्या दुकानी आली आणि आपल्याही लघवीत रक्त दिसतं असं अगदी हळू आवाजात सांगू लागली. खैरुन तिला स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. कॅन्सर निघाला नाही. जंतुसंसर्ग होता, औषधाने बरा झाला. तपासल्याशिवाय हे कुणालाच कळलं नसतं, शिंप्यालाही नाही.

खैरुन अजून नागपूरला तपासणीला जाते. गुलाम रसूल सोबत असतो. बसमध्ये शेजारी जो बसेल त्याला तो बजावतो की न दुखणारं रक्त फार वाईट, लगेच सोनोग्राफी करावी. हा शोध आपणच लावला अशा थाटात सांगतो. एकदा कहकशाँ चिडली, तर आईनेच तिला आवरलं.

"सांगू दे," खैरुन म्हणाली. "जलमात पयल्यांदा खरं सांगून राह्यला."