गमछ्याखालचे हात

मित्रांनो, मी एक जुनी हातकडी आहे. नाव ऐकून मागे सरकू नका. स्वतःहून मी कोणाला कधीच धरले नाही. अलीगढच्या एका कारखान्यात कुलपांच्या शेजारी माझा जन्म झाला. कुलपे घरे राखायला गेली आणि मी दिल्लीच्या एका पोलीस ठाण्यात आले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. एका दरोडेखोराला मी निसटू दिले नाही, तेव्हा ठाण्याचे दफ्तर आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या मुन्शीजींनी मला स्वतःच्या हाताने तेल घातले होते.

पुढे मात्र ऊठसूट कोणाच्याही मनगटात मला अडकवू लागले. किरकोळ गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय मला वापरायचे नसते, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून एक रीत पडून गेली आहे. कोर्टाच्या दारापर्यंत मला चढवायचे आणि दाराशी काढून खिशात टाकायचे. किल्ली सोबत नसेल तर वरून गमछा घालायचा. न्यायाधीशांना दिसले नाही म्हणजे झाले.

गेल्या मंगळवारी माझ्यात श्रीरंगचे हात होते. सरकारी कार्यालयातला हा कारकून जन्मापासून बहिरा. बोलतो ते हातांनीच. सरोजिनी नगरच्या बाजारात कोणाचे तरी पाकीट गेले, गोंधळ झाला, आणि शिपायाने नेमके यालाच हटकले. 'मी नाही' हे सांगायला त्याने हात उचलले. शिपायाला वाटले, हा मारायला उठला. झाले, पोलिसावर हात उगारल्याचा गुन्हा लागला.

कोर्टाच्या दाराशी त्याची बहीण वैजयंती उभी होती. मयूर विहारहून धावतपळत आली होती बिचारी.

"भैया, मेरा भाई सुन नहीं सकता, हाथों से बोलता है. हथकड़ी खोल दीजिए, मैं जज साहब को समझा दूँगी."

"चाबी मुंशीजी के पास रह गई," त्याला कोर्टात घेऊन आलेला शिपाई राजीव म्हणाला. "दो मिनट का काम है मैडम, बाहर रुकिए."

आत न्यायाधीशांनी कागदावरची नजर न काढता विचारले, "कुछ कहना है?" श्रीरंगला ओठ हलले एवढेच दिसले. त्याने हात वर ओढले, राजीवने गमछ्यावरून ते खाली दाबले. मी त्याच्या मनगटात रुतले. माझी मलाच लाज वाटली.

"जनाब, ये कुछ नहीं बोलता."

यात एक अक्षरही खोटे नव्हते, हेच वाईट. आरोपीला काही सांगायचे नाही, अशी नोंद झाली. चौदा दिवसांची कोठडी मिळाली आणि पुढची फाईल उघडली गेली.

किल्ली दुपारी आली. तुरुंगाच्या गाडीपाशी मला काढले, तसे श्रीरंगचे हात भराभर चालू लागले. जाळीपलीकडून वैजयंती बघत होती. बघता बघता ती रडू लागली.

"क्या बोल रहा है?" राजीवने विचारले.

"पूछ रहा है, जज साहब के सामने कब ले जाएँगे."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी खाकी घालेल, कोणी त्या उंच खुर्चीवर बसेल. मी लोखंड आहे. चोर कोण आणि साव कोण, हे मला कळत नाही. ते काम तुमचे. तेवढ्यासाठी मान वर करून समोरच्या माणसाकडे एकदा बघा, आणि त्याचे म्हणणे पुरते मांडून होईपर्यंत थांबा. श्रीरंगचे अजून अकरा दिवस बाकी आहेत.